जुळलेला रंग कुठे जुळतो?

एका कंपनीच्या शेड कार्डावरचा राखाडी-निळा रंग दुसऱ्या कंपनीच्या डब्यातून मिळेल का? रंगाच्या दुकानात हा प्रश्न नेहमी येतो. कधी जुनी शेड कार्डातून गेलेली असते, कधी गावात त्या कंपनीचा विक्रेता नसतो, कधी दरात फरक असतो. कधी न्यू जर्सीतल्या बहिणीच्या घरातली भिंत फोटोत पाहिलेली असते आणि अगदी तीच इथे हवी असते. रंग भडक लाल किंवा पिवळा असेल तर प्रश्न बहुधा लवकर सुटतो. राखाडी-निळा मात्र भल्याभल्यांना दमवतो.

पुढच्या संवादातली माणसं मी रचली आहेत, वाद मात्र खरा आहे. वहिनी साताऱ्यात रंगाचं दुकान चालवतात. त्या भौतिकशास्त्र शिकल्या आहेत आणि टिंटिंग मशीन स्वतः हाताळतात. मामा पेंटर आहेत. चुना, डिस्टेंपर आणि इमल्शन हे तिन्ही जमाने त्यांच्या हाताखालून गेलेत. वहिनींचा भरवसा मोजमापावर आहे, मामांचा भिंतीवर.

मामा: वहिनी, परवाच्या डब्याचं सांगायला आलो. हॉलची भिंत सॉकेटसाठी फोडली होती. लांबी भरली, घासलं, प्रायमर मारला, वर तुमच्या डब्यातले दोन हात दिले. दुपारी पॅच शोधून सापडत नव्हता. संध्याकाळी दिवे लागले आणि तो जांभळट होऊन वर आला.

वहिनी: मामा, भिंतीचा पोपडा तुम्हीच आणून दिला होता. रंग मोजायच्या यंत्राने तो वाचला, मी सूत्र काढलं, आणि डब्यातला ठिपका वाळवून पुन्हा वाचला. फरक एकाच्या आत होता.

मामा: एकाच्या आत म्हणजे किती?

वहिनी: प्रत्येक रंगाला तीन आकडे असतात. पहिला उजळपणाचा, शून्यावर काळा आणि शंभरावर पांढरा. दुसरा सांगतो रंग हिरव्याकडे झुकलाय की लालकडे. तिसरा सांगतो निळ्याकडे की पिवळ्याकडे. हिरवं आणि निळं उण्यात मोजतात, लाल आणि पिवळं अधिकमध्ये. ही पद्धत आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ साली ठरवून दिली. दोन रंगांच्या आकड्यांमधलं अंतर म्हणजे डेल्टा-ई. ते एकाच्या आसपास असेल तर दोन तुकडे शेजारी ठेवूनही सरावलेल्या डोळ्याला फरक जेमतेम कळतो.

मामा: पण इथे सगळ्या घराला कळला.

वहिनी: कारण माझा आकडा दिवसाच्या उजेडासाठी होता. भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशातला कुठला भाग किती परत येतो, हे यंत्र मोजतं. जांभळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, दर दहा नॅनोमीटरला एक असे ३१ आकडे होतात. आपला डोळा मात्र या सगळ्याच्या तीनच बेरजा करून मेंदूला पाठवतो. दोन रंगांचे ३१ आकडे वेगळे असूनही बेरजा सारख्या येऊ शकतात. अशा वेळी डोळा म्हणतो, रंग एकच. प्रकाश बदलला की बेरजा बदलतात आणि तोवर लपलेला फरक उघडा पडतो. याला मेटामेरिझम म्हणतात.

मामा: म्हणजे जुन्या रंगातला माल वेगळा होता आणि तुमच्यातला वेगळा.

वहिनी: बरोबर. राखाडी-निळा करायच्या वाटा बऱ्याच आहेत. एक कंपनी काळा, निळा आणि किंचित लाल ऑक्साइड घालते. दुसरी काळा, निळा आणि किंचित जांभळा घालून तिथेच पोचते. दिवसाच्या उजेडात दोघींच्या बेरजा जुळतात. घरातल्या पिवळट एलईडीत, २७०० ते ३००० केल्विनच्या उजेडात, निळा प्रकाश कमी आणि लाल टोकाचा जास्त असतो. तिथे त्या फुटतात.

मामा: मग त्या दुसऱ्या कंपनीचंच सूत्र आपल्या डब्यात घाला की. काही मशीनमध्ये इतर कंपन्यांच्या शेडही भरलेल्या असतात म्हणे.

वहिनी: सूत्र उचलून चालत नाही. ते त्या कंपनीच्या बेससाठी, म्हणजे डब्यातल्या मूळ रंगासाठी, आणि त्यात घालायच्या तिच्या स्टेनरसाठी लिहिलेलं असतं. बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किती आहे, त्यावर स्टेनर किती चढेल हे ठरतं. एका कंपनीच्या काळ्याचे दोन मिलिलिटर आणि दुसरीच्या काळ्याचे दोन मिलिलिटर यांची ताकद सारखी नसते. काळ्याची जातही वेगळी असते. काजळीचा जाडसर काळा पांढऱ्यात घातला तर निळा न घालताही राखाडी निळसर दिसतो. बारीक कणांचा काळा तपकिरीकडे झुकतो. म्हणून शेडच्या नावावर किंवा उचललेल्या सूत्रावर न जाता वाळलेला रंग मोजावा, असं मी म्हणते.

मामा: आमच्या तरुणपणी मोजणं नव्हतं. चुन्यात नीळ घालायचो. बादली ढवळायची, मनगटावर थेंब घेऊन बघायचा, भिंतीवर एक पट्टा ओढून वाळू द्यायचा. डिस्टेंपरमध्येही बाटलीतला स्टेनर नजरेनेच टाकायचो. लोक खूश होते.

वहिनी: आणि पुढच्या वर्षी तोच रंग मागितला तर?

मामा: तो पुन्हा तसाच यायचा नाही. म्हणून पूर्ण खोली एका बादलीत बसवायची आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण खोली नव्याने काढायची. अर्ध्या भिंतीचं काम आम्ही घेतच नव्हतो.

वहिनी: मला आकडा हवा तो यासाठीच. तुमचा हात तयार होता, पण ते ज्ञान हातातच राहायचं. गिऱ्हाईक दुसऱ्या गावी गेलं, पेंटर बदलला, की सगळं पहिल्यापासून. आकडा लिहून ठेवता येतो. आणि तक्रार आली तर पेंटर आणि दुकानदार यांच्यातलं कोण चुकलं, हेही त्यावरून ठरवता येतं.

मामा: ते पटतं. पण आकडा कुणाच्या डोळ्याचा, हे मला कुणी सांगितलं नाही.

वहिनी: चांगला प्रश्न आहे. यंत्र ज्या प्रमाण डोळ्याने बेरजा करतं तो १९३१ साली ठरला. त्यामागे इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोघांनी केलेले प्रयोग होते. राइटकडे दहा निरीक्षक होते, गिल्डकडे सात.

मामा: सतरा माणसांवर साऱ्या जगाचा डोळा?

वहिनी: आणि तरी तो इतकी वर्षं चांगलं काम देतोय. पण तुमची शंका निळ्याच्या बाबतीत खरी आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. त्याच भिंतीचा निळेपणा आजीला आणि नातवाला थोडा वेगळा दिसू शकतो.

मामा: म्हणजे घराच्या मालकाने आपल्या डोळ्यांनी आपल्या भिंतीवर बघावं, हे माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. आता हे सांगा, राखाडी-निळ्यालाच हा त्रास का? गडद निळ्या दाराला मी दुसऱ्या कंपनीचा रंग मारलाय, कुणी ओळखला नाही.

वहिनी: आकड्यांत बघा. समजा गडद निळ्याचा लाल-हिरव्याचा आकडा उणे दोन आणि निळ्याचा उणे पंचेचाळीस आहे. तो उणे दोनचा अधिक दोन झाला तर रंगाची जात पाच अंशांनी सरकते. आता राखाडी-निळा घ्या. तिथे निळ्याचा आकडा जेमतेम उणे आठ. तेच चार अंक इकडचे तिकडे झाले तर रंग अठ्ठावीस अंशांनी वळतो. हिरवट असलेला जांभळट होतो. मोठ्या रंगात जी चूक बुडून जाते, ती इथे उघडी पडते, कारण बुडवायला रंगच नसतो.

मामा: म्हणजे थोडक्या रंगाला थोडकी चूकही भारी.

वहिनी: आणि आपला डोळा राखाडीजवळ फार तल्लख आहे. कोडॅक कंपनीतल्या डेव्हिड मॅकॲडम यांनी १९४२ साली पंचवीस रंग घेऊन तपासलं, की प्रत्येकाभोवती किती अंतर जाईपर्यंत डोळ्याला फरक कळत नाही. कुठे ते अंतर मोठं निघालं, कुठे लहान, आणि एकाच रंगाभोवतीही सगळ्या दिशांना सारखं नव्हतं. म्हणून १९७६ चं साधं अंतर पुरेना. पुढे डेल्टा-ई २००० हे सुधारलेलं सूत्र आलं. ते राखाडीजवळ जास्त कडक आहे आणि त्यात फक्त निळ्या भागासाठी एक वेगळं पद जोडावं लागलं. राखाडी आणि निळा, दोन्ही अवघड जागा या एका शेडमध्ये एकत्र येतात.

मामा: मग तुमचं यंत्र कुठल्या सूत्राने मोजतं, हे आधी विचारायला हवं.

वहिनी: जरूर विचारा. आणखी एक विचारा. यंत्राने कार्डातली सर्वांत जवळची शेड दाखवली, की या नमुन्यासाठी नवं सूत्र बांधलं? पहिल्यात फक्त जवळची शेजारीण मिळते. राखाडी-निळ्यात ती पुरत नाही.

मामा: आता माझं ऐका. समजा आकडे सगळे जुळले. जुनी भिंत मॅट आणि नवा डबा चकाकीचा असेल तर?

वहिनी: तर नाही जुळणार. मॅट थर पांढरा प्रकाश सगळीकडे विखरतो, त्यामुळे रंग फिका आणि राखाडी दिसतो. चकाकीचा थर तो एकाच बाजूला परतवतो. बाकीच्या बाजूंनी रंग जास्त खोल आणि निळा दिसतो.

मामा: आणि जुनी भिंत दहा वर्षांत पुसून पुसून गुळगुळीत झालेली असते. खांद्याच्या उंचीला हाताचा मळ, वर पंख्याची धूळ. तुम्ही पोपडा वाचला तो खिडकीशेजारचा, उन्हाने उतरलेला. मी पॅच मारला दाराजवळ. एकाच भिंतीवर जुन्या रंगाचे तीन रंग झालेले असतात. तुम्ही कुठल्याशी जुळवता?

वहिनी: यावर माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच म्हणेन, की पोपडा जिथे पॅच असेल तिथलाच हवा, हाताच्या तळव्याएवढा आणि पुसलेला. कार्डाचा तुकडा आणण्यापेक्षा हे बरं, कारण कार्डावरचा थर बऱ्याचदा भिंतीच्या रंगाचा नसतोच. फोटोवरून तर मी डबा काढतच नाही. कॅमेरा आपल्या मनाने पांढरा ठरवतो, आणि निळसर राखाडी त्यात सगळ्यात आधी बदलतो.

मामा: फोटोवरून आठवलं. मागे एक ताई आल्या होत्या ना, बहिणीच्या न्यू जर्सीच्या घरातला रंग मागत? बेंजामिन मूरचा बूथबे ग्रे.

वहिनी: हो. त्यांना मी सांगितलं, बहिणीकडून त्याच रंगाने रंगवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड मागवा. ते आलं, मी वाचलं, रंग जुळवून दिला. दोन्ही उजेडांत जुळला.

मामा: मी तो मारला. रंग चांगला आहे. पण ताईंना तो तिथल्यासारखा वाटला नाही. मे महिन्यात तर उत्तरेची भिंत ऊबदार करडी दिसायची, निळी नाहीच.

वहिनी: त्याचं कारण डब्यात नाही, आकाशात आहे. न्यू जर्सी साधारण चाळीस अंश उत्तरेला आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून जवळपास फक्त आकाशाचा निळा उजेड येतो. आपण साडेसतरा-अठरा अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो तो त्यामुळेच. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीला ऊन लागतं. उत्तरेच्या खोलीला थंड रंग नको, हा परदेशी पुस्तकातला नियम आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही.

मामा: शिवाय फरशी. ताईंकडे खाली क्रीम रंगाची चकचकीत टाइल आहे. दुपारी तिचा पिवळा उजेड भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. कोटा असता तर हिरवट चढला असता. समोरच्या इमारतीला विटकरी रंग दिला तर तोही खिडकीतून आत येतो. ज्याच्यात स्वतःचा रंग थोडका, तो दुसऱ्याचा लगेच घेतो.

वहिनी: आणि शेजारच्या रंगाने डोळाही फिरतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात चित्रांचे भिंतपडदे (टॅपेस्ट्री) विणत. तिथे रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून १८२४ मध्ये शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. काळा रंग निळ्या-जांभळ्याशेजारी फिका पडतो, अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारचे रंग तो तसा दाखवत होते. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. राखाडी-निळ्याशेजारी सागवानी दार असेल तर भिंत जास्त निळी दिसते. शेजारी गडद निळा पडदा लावला तर तीच भिंत नुसती राखाडी होते.

मामा: मग वहिनी, जुळवणं सोडायचं का? मी तर म्हणतो, कंपनी बदलली की पूर्ण घर नव्याने काढावं.

वहिनी: गरीब माणसाने काय करायचं? एका सॉकेटसाठी चार खोल्या काढायच्या? जुनी शेड बंद झाली म्हणून त्याला नव्या खर्चात लोटायचं? कंपनी बदलण्याचा हक्क गिऱ्हाइकाकडे राहिला पाहिजे. तो हक्क मोजमापाशिवाय राहत नाही.

मामा: आणि पॅच दिसला तर दोष माझ्यावर. मी सांगतो कुठे मारायचं ते. भिंतीच्या मध्ये नाही. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, छतापासून स्कर्टिंगपर्यंत एकाच डब्याने काढायची. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड मुळात वेगळा पडतो. तिथे थोडा फरक असला तरी डोळा तो सावलीच्या खात्यावर टाकतो.

वहिनी: हे मला मान्य आहे. भिंतीच्या मध्ये पॅच असेल तर दुसऱ्या कंपनीचा डबा मी यापुढे देणार नाही, आकडा कितीही चांगला असला तरी. कोपऱ्यावर थांबायचं असेल तर देईन, पण दिवसाच्या आणि दिव्याच्या, दोन्ही उजेडांतला फरक मोजून. पूर्ण खोली असेल तर मोकळ्या मनाने देईन, कारण तिथे जुना रंग शेजारी उरतच नाही.

मामा: आणि खोलीसाठीही आधी फळी. दोन फुटांची फळी किंवा जाड पुठ्ठा, प्रायमर मारून दोन हात. ओला बघायचा नाही. इमल्शन ओलं असताना दुधट दिसतं, वाळलं की गडद होतं. वाळल्यावर फळी भिंतीला टेकवून उभी धरायची, आडवी नाही. सकाळी, दुपारी, दिवे लावण्याआधीच्या कातरवेळी आणि दिव्यात बघायची. कातरवेळी निळा उजळ होतो आणि लाल विझतो, हे प्रत्येक पेंटरला माहीत असतं.

वहिनी: पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८२५ मध्ये लिहून ठेवलं. अंधुक उजेडात डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम करू लागतात आणि त्या निळ्याला जास्त संवेदनशील असतात.

मामा: आणि डबे दोन-तीन असतील तर सुरू करण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र करायचे. डब्याडब्यातला फरक तिथेच संपतो.

संवाद इथे थांबवतो, कारण माझ्या मते दोघं ज्या ठिकाणी पोचले तिथेच या प्रश्नाचं उत्तर आहे. रंग जुळणं हा डब्याचा गुण नाही. दोन पृष्ठभाग, एक प्रकाश आणि एक डोळा यांच्यात तेवढ्यापुरतं ते घडतं. म्हणून "हा रंग त्या रंगासारखा आहे का?" या प्रश्नाने सुरुवात केली तर राखाडी-निळ्यात निराशा ठरलेली. आधी विचारावं, "हे दोन रंग एकमेकांना कुठे भेटणार आहेत, आणि कुठल्या उजेडात?" भेटणारच नसतील तर दोन कंपन्यांमधला डेल्टा-ईचा एक-दीड अंक घरात कुणाला त्रास देणार नाही. मग कंपनी दर, दर्जा आणि सोय पाहून निवडावी. कोपऱ्यावर भेटणार असतील तर चकाकी तीच ठेवावी आणि दोन्ही उजेडांत मोजलेलं सूत्र मागावं. सपाट भिंतीच्या मधोमध भेटणार असतील तर जुन्याच कंपनीचा तोच डबा शोधावा, नाहीतर ती एक भिंत पूर्ण काढावी.

वहिनींच्या आकड्याशिवाय मामांचं कौशल्य त्यांच्यापाशीच थांबतं. मामांच्या भिंतीशिवाय वहिनींचा आकडा प्रयोगशाळेत राहतो. दोन्ही एकत्र आणायचं काम घरमालकाचं आहे आणि ते फारसं अवघड नाही. रंगकाम संपलं की कंपनी, शेडचा क्रमांक, बेस, चकाकीचा प्रकार, मशीनने छापलेलं सूत्र आणि तारीख एका कागदावर लिहावी. त्याच डब्यातल्या रंगाने रंगवलेला तळहाताएवढा पुठ्ठा त्याला जोडावा आणि दोन्ही अंधाऱ्या कपाटात ठेवावं. पुढे कुठल्याही गावातल्या, कुठल्याही कंपनीच्या दुकानात तो पुठ्ठा घेऊन गेलात तर समोरच्या माणसाला मोजायला खरा नमुना मिळेल. आणि पेंटरला पहिल्याच दिवशी सांगता येईल, की नवा रंग कुठल्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा आहे.